पायरीचा प्रश्न : मुंबईचे जुने सचिवालय आणि न्यायालयाची वास्तू

एक

इमारतींविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याकडे ठराविक माणसांच्या हाती राहिला आहे. वास्तुविशारद बोलतात, इतिहासाचे हौशी अभ्यासक बोलतात, इंग्रजी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या बोलतात. ज्यांनी दगड वाहिला आणि जे त्या दगडी पायऱ्यांवर तारखेची वाट पाहत बसले, त्यांचे मत कोणी विचारलेले नाही. आपणही ते मागून सांगितलेले नाही. कविता, आत्मकथन, नाटक या क्षेत्रांत दलित समीक्षेने प्रस्थापित सौंदर्यकल्पनांना जाब विचारला. वास्तुकला मात्र तिने जणू निरुपद्रवी समजून सोडून दिली. वास्तविक गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाइतके वास्तुकलेचे राजकारण दुसऱ्या कोणाला कळणार? गावकूस ही भिंतच होती. पाणवठा, देऊळ, चावडी या वास्तूच होत्या. आमचे सगळे आयुष्य कोणत्या भिंतीच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे या एका नियमाने बांधलेले होते.

३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला. या समूहात ९४ इमारती आहेत. मुंबई उच्च न्यायालय, विद्यापीठाचे सभागृह व राजाबाई टॉवर, आणि जुने सचिवालय त्यांत येतात. या शेवटच्या इमारतीविषयी मला लिहायचे आहे. इंग्रज सरकारने ती राज्यकारभाराची कचेरी म्हणून बांधली. स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली, सचिवालय नव्या इमारतीत, म्हणजे आजच्या मंत्रालयात गेले. जुन्या सचिवालयात आज मुंबईचे नगर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. जिथे महसुलाचा हिशेब होत होता तिथे आज न्यायाचा हिशेब होतो, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ऐकायला ती बरी वाटते. पण तिला मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. कचेरीचे कोर्ट झाले, तेव्हा इमारतीत नेमके काय बदलले?

वारसावाद्यांची चर्चा कमानी, खांब आणि दगडाच्या रंगापाशी संपते. आपली चर्चा तिथे सुरू व्हायला हवी. त्यासाठी मी तीन कसोट्या मानतो. वास्तू कोणाच्या पैशाने उभी राहिली? कोणाच्या हातांनी उभी राहिली? आणि तिच्यात कोण कोणत्या पायरीने चढतो?

दोन

पैशाचा प्रश्न आधी घेऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडच्या गिरण्या तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आणत. तो पिकवणारी माणसे गुलाम होती. १८६० च्या खानेसुमारीत अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गुलाम मोजले गेले. या माणसांवर बँका चालत होत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. लुइझियाना राज्यातील दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३ हजार गुलाम माणसे कर्जाला तारण म्हणून स्वीकारली आणि कर्ज बुडाल्यावर त्यांतील सुमारे १२५० माणसे त्या बँकांच्या मालकीची झाली. जे. पी. मॉर्गन चेस या त्यांच्या वारसदार बँकेने २००५ साली हे स्वतःच जाहीर केले. जमीन गहाण पडते, दागिना गहाण पडतो, तसा तिथे माणूस गहाण पडत होता. त्याच अमेरिकेत सेंट लुईसच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर मृतांच्या मालमत्तेचा निकाल लावताना गुलामांचे लिलाव होत, आणि त्याच कोर्टात ड्रेड स्कॉट या गुलामाने आपल्या स्वातंत्र्याचा दावा लावला होता. एकच इमारत त्याला विकू शकत होती आणि सोडवूही शकत होती. बँक आणि कोर्ट यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड कधीच नव्हती.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. या पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा ८ कोटी १० लाख पौंड जास्त मिळाले, असा तत्कालीन हिशेब आहे. तो पैसा कापूस वेचणाऱ्या मजुरापर्यंत आला नाही. तो दलालांकडे, शेअरबाजारात आणि बॅक-बे बुजवण्याच्या कंपन्यांत गेला. बँक ऑफ बॉम्बेने शेअरच्या तारणावर कर्जे वाटली. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी सगळा फुगा फुटला. १८६८ साली ती बँकही बुडीत निघाली.

याच तेजीच्या काळात, १८६२ पासून, गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. मोकळ्या झालेल्या जमिनीच्या विक्रीतून नव्या मुंबईच्या सार्वजनिक इमारती उभ्या करायच्या, अशी त्यांची योजना होती. राजाबाई टॉवरला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्याचे सर्वांत मोठे नाव. सचिवालयाचे काम १८६७ ला सुरू झाले आणि १८७४ ला संपले. म्हणजे इमारत तेजीनंतरची असली तरी तिच्याखालची जमीन आणि तिच्यामागचे मनसुबे तेजीचेच होते.

ओव्हलवर उभे राहून मी माझ्या विद्यार्थ्यांना ही साखळी सांगतो. अमेरिकेतल्या निग्रो गुलामाच्या श्रमाचा कापूस अडला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या शेतमजुराने वेचलेल्या कापसाला भाव आला. तो भाव मुंबईच्या पेढ्यांत जमला आणि त्यातून या इमारतींची कल्पना उभी राहिली. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले, तेव्हा दोन दूरच्या दुःखांचे नाते जोडले गेले असे आपण म्हणतो. ते नाते शंभर वर्षे आधी या दगडांत बांधले गेले होते. आपण ते वाचले नव्हते, एवढेच.

तीन

आता हातांचा प्रश्न.

सचिवालयाचा आराखडा रॉयल इंजिनिअर्सच्या हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी केला, उच्च न्यायालयाचा जेम्स फुलर यांनी. विद्यापीठाचा आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केला. ही तीन नावे प्रत्येक मार्गदर्शक पुस्तकात असतात. पाथरवट, गवंडी, चुना मळणाऱ्या बायका आणि पालखांबावर चढणारी पोरे यांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत.

पण श्रमिकांची बाजू अगदीच अंधारात आहे असेही नाही. त्या काळच्या मुंबईत बांधकामावर तेलंगणातून आलेले कामाठी मोठ्या संख्येने राबत होते. कामाठीपुरा हे नाव त्यांचेच. त्यांच्यातून पुढे आलेले व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या आय्यावारू हे बांधकामाचे कंत्राटदार होते, आणि हेच लोक मुंबईत महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे आधारस्तंभ होते. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. इंजिनिअरिंग खात्यातली लबाडी आणि मजुराच्या पगारातली कपात त्यांनी जवळून पाहिली होती, आणि तिच्यावर त्यांनी लिहिलेही. म्हणजे ज्या काळात ही गॉथिक मुंबई उभी राहत होती, त्याच काळात दगड-चुन्याच्या धंद्यातल्या शूद्र माणसांच्या पैशावर ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्धची पहिली संघटित चळवळ उभी राहत होती. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि १८७४ साली सचिवालय पुरे झाले. या दोन तारखा शेजारी ठेवणारे मार्गदर्शक पुस्तक अजून कोणी लिहिलेले नाही.

आणि याच वर्षांत बाहेर काय चालले होते? मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांचा राग नुसत्या सावकारावर नव्हता. सावकाराच्या हातात हुकूमनामा देणाऱ्या दिवाणी कोर्टावरही होता. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी कामावरच्या मजुराचे दिवसाचे धान्य एका पौंडावर आणू पाहणारे सर रिचर्ड टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. उच्च न्यायालयाची इमारत १८७१ ते १८७८ या काळात, म्हणजे याच दंग्याच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत बांधली गेली. सोळा लाख चव्वेचाळीस हजार रुपये खर्च झाले आणि मंजूर रकमेपेक्षा थोडे कमीच लागले, याचे कौतुक अजून होते. जानेवारी १८७९ मध्ये त्या इमारतीत कामकाज सुरू झाले. त्याच वर्षी शेतकऱ्याला कोर्टाच्या हुकूमनाम्यापासून वाचवण्यासाठी सरकारला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट करावा लागला. न्यायालयाची भव्य वास्तू उघडते आणि न्यायालयापासूनच रयतेला वाचवणारा कायदा होतो! एका वर्षात घडलेल्या या दोन गोष्टी परस्परांवरचे भाष्यच आहेत.

चार

तिसरी कसोटी पायरीची. इथे वास्तूची खरी समीक्षा सुरू होते.

जुने सचिवालय व्हेनिसच्या गॉथिक शैलीत बांधलेले आहे. पोरबंदरचा फिकट पिवळा दगड, लांबच लांब कमानींचे व्हरांडे, मध्यभागी उंच मनोरा आणि त्याखाली मोठ्या खिडकीने उजळलेला मुख्य जिना. मूळ रचनेत पहिल्या मजल्यावर कौन्सिल हॉल, गव्हर्नर व कौन्सिलरांच्या खोल्या आणि महसूल खात्याच्या कचेऱ्या होत्या. या रचनेत एक गृहीत आहे. येणारा माणूस खालून वर जातो आणि निर्णय वरून खाली येतो. इमारतीचे तोंड पश्चिमेला, तेव्हाच्या समुद्राकडे आणि वाऱ्याकडे आहे. ती पाहायची आहे, आत शिरायची नाही. रयतेने थांबावे, बसावे, पाणी प्यावे यासाठी तिच्यात वेगळी जागा कल्पिलेलीच नव्हती. रयतेचे तिथे काही काम असेल, हेच कल्पिलेले नव्हते.

शेजारच्या उच्च न्यायालयात हाच विचार अधिक स्पष्ट दिसतो. ५६२ फूट लांबीची ती इमारत. पश्चिमेकडच्या दर्शनी भागात दोन अष्टकोनी मनोरे, आणि त्यांत न्यायाधीशांसाठी खाजगी जिने. लोकांचा मुख्य जिना पूर्वेला, म्हणजे मागे. वर माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. न्यायाधीश आणि पक्षकार यांची कोर्टात शिरण्यापूर्वी कुठेही गाठ पडू नये, अशी ही योजना. याला सुरक्षितता आणि निःपक्षपातीपणा अशी कारणे देता येतील, आणि ती सगळीच खोटी नाहीत. पण वेगळा जिना, वेगळे दार, वेगळी उंची या गोष्टी आमच्या डोळ्यांना निरागस दिसत नाहीत. त्या आम्ही फार जवळून पाहिल्या आहेत.

दोन्ही इमारतींच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता नुसता राग होईल. पहिली गोष्ट म्हणजे व्हरांडे. साहेबाला ऊन लागू नये म्हणून बांधलेले ते व्हरांडे आज पक्षकारांचे आसरे झाले आहेत. आरोपीची आई, जामिनासाठी आलेला भाऊ, साक्षीला आलेला शेजारी हे सगळे तिथेच उभे असतात, तिथेच डबा सोडतात. आराखड्यात नसलेली जागा लोकांनी वापरून मिळवली. सचिवालयाच्या रूपांतरातला सर्वांत लोकशाही भाग हाच आहे, आणि तो कुठल्याही वास्तुविशारदाने केलेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही वास्तू परक्यांची होती, पण ती देऊळ नव्हती. तिच्यात गाभारा नव्हता आणि सोवळे नव्हते. १९२३ साली बाबासाहेब मुंबईत वकिली करू लागले तेव्हा उच्च न्यायालयाचा जिना ते चढू शकत होते. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराची पायरी मात्र त्यांना आणि हजारो सत्याग्रहींना चढता आली नाही. इंग्रजाने आम्हांला समान मानले म्हणून हे घडले, अशी भाबडी समजूत मी बाळगत नाही. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला तेव्हा याच मुंबई सरकारने बहुसंख्यांच्या भावनांचे कारण सांगून त्याला नाकारले होते. तरीही ज्या वास्तूचा नियम लिहिलेला असतो तिच्याशी भांडता येते. ज्या वास्तूचा नियम धर्म म्हणून सांगितला जातो तिच्याशी भांडायला आधी माणूस व्हावे लागते.

म्हणूनच ‘न्यायमंदिर’ हा शब्द मला खटकतो. आपली माणसेही तो सहज वापरतात. ज्यांना हजारो वर्षे मंदिराबाहेर ठेवले त्यांनी न्यायालयाला मंदिर का म्हणावे? मंदिरात कृपा मागतात, न्यायालयात हक्क मागतात. मंदिरात हात जोडतात, न्यायालयात बोट दाखवतात. शब्द बदलला की माणसाची उभे राहण्याची रीत बदलते.

पाच

कचेरी आणि कोर्ट यांचे नाते आपल्या इतिहासात एकदा पूर्णपणे उघडे पडले आहे. ते महाडला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. सप्टेंबरात सचिवालयाने खात्यांना तशा सूचना दिल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद सगळा तयार होता. पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली, पण कोर्टाचा हुकूम बाबासाहेबांनी मोडला नाही.

पुढचा प्रवास पाहा. महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ ला लागला. ठाण्याचे अपील ३० जानेवारी १९३३ ला फेटाळले गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ ला आला. एका ओंजळीच्या पाण्याला दहा वर्षे लागली, त्याला तीनच दिवस कमी. आपण जिंकलो. पण कशाच्या आधारावर? अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, या आधारावर. ती रूढी अन्याय्य आहे का, हा प्रश्न न्यायालयाला हाताळावाच लागला नाही. रूढीचे वय मोजले गेले, तिचा गुन्हा मोजला गेला नाही. तो गुन्हा मोजण्यासाठी १९५० सालापर्यंत, संविधानाच्या सतराव्या कलमापर्यंत थांबावे लागले, आणि ते संविधान बाबासाहेबांनाच घडवावे लागले.

मुंबईच्या न्यायालयाची वास्तू पाहताना मला हा निकाल आठवतो. दार उघडे, जिना भव्य, निकाल आपल्या बाजूचा. आणि तरी मूळ प्रश्न पायरीवरच राहिलेला.

सहा

आता एक घरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी या विषयाकडे का वळलो ते कळणार नाही.

माझे आजोबा वतनदार महार. वतनदार म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. गावचा सारा गोळा झाला की तो भरणा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचे काम महाराकडे असे. आजोबा डोक्यावर पैसा घेऊन कोस-कोस चालले. त्यातली एक दमडी कधी कमी भरली नाही. खजिन्याच्या खोलीच्या दारात ओझे उतरवायचे आणि मागे सरायचे, आत पाऊल टाकायचे नाही. ज्याच्या भरवशावर सरकारने पैसा सोडला, त्याच्या सावलीवर सरकारच्या कारकुनाचा भरवसा नव्हता! बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. वतन कायद्याने गेले ते १९५८-५९ साली. जमीन नव्या शर्तीने परत मिळाली आणि तिच्यावर गावच्या एका बड्या माणसाने हक्क सांगितला.

त्या जमिनीचा दावा माझ्या वडिलांनी चालवला. तालुक्याचे कोर्ट तेव्हा जुन्या मामलेदार कचेरीत भरत होते. खजिन्याची ती लोखंडी गजांची खोली आता कोर्टाची रेकॉर्ड-रूम होती. आजोबांनी ज्या दारात ओझे उतरवले त्याच दारामागे आमच्या दाव्याची फाईल होती. मी सहावी-सातवीत असेन. वडिलांबरोबर गेलो. पट्टेवाल्याने नावाचा पुकारा केला. वडील उठले आणि दारात त्यांनी चपला काढल्या. त्यांना कोणी काढायला सांगितल्या नव्हत्या. वकील बूट घालून आत होते, विरुद्ध बाजूचा माणूस चपला घालून आत होता. वडील अनवाणी उभे राहिले. बाहेर आल्यावर मी विचारले, “दादा, चपला का काढल्या?” ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने, एस. टी. त बसल्यावर म्हणाले, “पाय आपापच थांबला रे.”

निकाल आमच्या बाजूने लागला. जमीन आजही आमच्याकडे आहे. तरीसुद्धा मला त्या दाव्यातले आठवते ते हेच. खजिन्याचे कोर्ट झाले, कायदा बदलला, निकाल बदलला. पण उंबरठ्याने वडिलांच्या पायाला जे शिकवले होते ते बदलले नव्हते. ते बदलण्याचे काम इमारतीचे होते. इमारतीने ते केले नाही, कारण तिला ते कोणी सांगितलेच नव्हते.

सात

“न्याय निकालपत्रात असतो, भिंतीत नसतो. इमारतीवर एवढे कशाला लिहायचे?” असे आपले काही कार्यकर्ते मित्र म्हणतील. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे देतो.

पहिले जयपूरचे. राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसवण्यात आला. त्याच वर्षी न्यायाधीशांच्या पूर्ण बैठकीने तो हलवण्याचा ठराव केला. त्याविरुद्ध याचिका झाली, स्थगिती मिळाली, आणि पुतळा राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दोन स्त्रियांनी त्याला काळे फासले. भिंती आणि पुतळे मुके असते, तर त्यांना तो बसवावासा का वाटला असता, आणि आपल्या बहिणींना काळे फासायला एवढ्या लांब का जावेसे वाटले असते?

दुसरे उदाहरण जोहान्सबर्गचे. तिथला जुना किल्ला हा वर्णद्वेषी राजवटीचा तुरुंग होता. ‘नंबर फोर’ हा भाग काळ्या कैद्यांसाठी होता. गांधी तिथे कैदेत होते, मंडेलाही होते. १९८३ साली तुरुंग बंद झाला. नव्या दक्षिण आफ्रिकेने आपले संविधान न्यायालय उभे करण्यासाठी नेमकी हीच जागा निवडली. २१ मार्च २००४ रोजी ते उघडले. कच्च्या कैद्यांची बराक पाडली, पण तिचे चार जिने उभे ठेवले आणि तिच्या विटा नव्या न्यायालयाच्या भिंतींत व बाहेरच्या पायऱ्यांत वापरल्या. दर्शनी भिंतीवर न्यायालयाचे नाव अकरा भाषांत आहे. लाकडी दरवाजावर सत्तावीस हक्क कोरले आहेत. दालनात झाडांसारखे तिरपे खांब आहेत, कारण तिथले जुने लोक झाडाखाली बसून न्याय करत. आणि मुख्य कोर्टात न्यायाधीशांच्या मागे काचेची एक आडवी पट्टी आहे, तिच्यातून बाहेरून जाणाऱ्या माणसांचे पाय दिसतात. न्यायाधीश बसलेले असतात आणि रस्त्यावरचा माणूस त्यांच्या डोक्याच्या उंचीवरून चालत असतो.

दक्षिण आफ्रिकेत सगळा न्याय झाला असे मी म्हणत नाही. तिथली विषमता सर्वांना ठाऊक आहे. पण रूपांतर म्हणजे काय हे त्या लोकांना कळले होते. त्यांनी तुरुंग लपवला नाही, आणि तो सजवलाही नाही. त्याची वीट काढून हक्काच्या भिंतीत बसवली. आपण मात्र सचिवालयाची पाटी बदलली आणि खुर्च्या बदलल्या.

आठ

हा प्रश्न आता इतिहासाचा राहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयासाठी वांद्रे पूर्वेला नवे संकुल उभे राहायचे आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. न्यायालय पंचतारांकित-सप्ततारांकित हॉटेलासारखे नसावे, ते संविधानातल्या लोकशाही मूल्यांना धरून असावे, अशी अपेक्षा त्यांनी तिथे बोलून दाखवली. आंबेडकरी चळवळीच्या घरातून आलेल्या सरन्यायाधीशाने ती बोलून दाखवावी, हे मला योगायोगाचे वाटत नाही. पण अपेक्षा आराखड्यात उतरली पाहिजे, आणि त्यासाठी आपण बोलले पाहिजे.

आपल्या मागण्या मोठ्या नाहीत. नव्या इमारतीचे मुख्य दार पक्षकाराचे असावे. त्याला बसायला बाक, प्यायला पाणी, बाईला स्वच्छतागृह, लहान मुलाला सावली, अपंगाला उतार आणि अडाण्याला मराठीत वाट दाखवणारी पाटी, ही त्या वास्तूची शोभा समजावी. आणि उच्च न्यायालय तिकडे गेल्यावर ओव्हलवरच्या जुन्या इमारतीचे काहीही होवो, तिच्यात आणि जुन्या सचिवालयात एकेक पाटी लागावी. तिच्यावर विल्किन्स-फुलर यांच्या जोडीला कामाठ्यांचे नाव असावे. कापसाचे नाव असावे, वऱ्हाडाच्या मजुराचे आणि मिसिसिपीच्या गुलामाचेही. १७ मार्च १९३७ ही तारीख असावी. टिळकांच्या १९०८ च्या खटल्याची स्मृती उच्च न्यायालयाने जपली आहे, ते योग्यच झाले. चवदार तळ्याची स्मृती त्याच भिंतीवर का नसावी?

उच्च न्यायालयाच्या दगडी नक्षीत एक माकड आहे. त्याच्या हातात न्यायाचा तराजू आहे आणि एका डोळ्यावर पट्टी आहे. कोर्टात हरलेल्या कुणा कंत्राटदाराने ते सूडाने कोरून घेतले, अशी आख्यायिका आहे. खरे खोटे काही असो, मला त्या अनाम पाथरवटाचे कौतुक वाटते. त्या एवढ्या मोठ्या इमारतीवर टीकेचा पहिला लेख त्याने लिहिला, आणि तो अजून कोणी काढून टाकलेला नाही.

आपले काम त्याच्यापुढचे आहे. दावा जिंकूनही ज्याचा पाय उंबरठ्यावर आपोआप थांबतो, त्या माणसाला आत बोलावणारी पायरी आपल्याला बांधून घ्यायची आहे. माझे वडील आता थकले आहेत. वांद्र्याचे नवे न्यायालय उघडेल तेव्हा मी त्यांना ते दाखवायला नेणार आहे. ते तिथे चपला काढतात की नाही, एवढेच मी पाहीन.